लंडनच्या कुंटणखान्यांचा शोध घ्यायला 'ओल्ड बेली ऑनलाइन' कितपत कामाचं?

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधल्या वेश्याव्यवसायावर ज्यांना गंभीरपणे वाचायचं, लिहायचं किंवा शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी 'ओल्ड बेली ऑनलाइन' या संकेतस्थळाइतकं मोलाचं दुसरं साधन घरबसल्या मिळणार नाही. ओल्ड बेली या लंडनच्या सर्वांत मोठ्या फौजदारी न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातले छापील वृत्तान्त इथे आहेत. एकूण १,९७,७४५ खटले. सगळं फुकट, नावनोंदणी लागत नाही आणि शब्द टाकून शोधता येतं.

तरीही या विषयासाठी इथे येणारे बरेच जण तासाभरात कंटाळून निघून जातात. कारण ठरलेलं असतं. शोधाच्या पानावर गुन्ह्यांची वर्गवारी दिसते, तिच्यात 'लैंगिक गुन्हे' असा गट आणि त्या गटात 'कुंटणखाना चालवणे' हा पोटप्रकार. माणूस साहजिकच तिथे जातो. हाती मोजके खटले लागतात आणि त्यांतलेही कित्येक दोन-तीन ओळींत संपतात: आरोपीचं नाव, गुन्ह्याचं नाव, निकाल, शिक्षा. एवढ्या मोठ्या शहरात कुंटणखान्यांचे एवढेच खटले? मग संकेतस्थळावर अपुरेपणाचा ठपका बसतो.

साहित्य भरपूर आहे, पण ते त्या रकान्यात नाही. ते चोरीच्या खटल्यांत आहे. ही एक गोष्ट नीट समजली की या संकेतस्थळाचा उपयोग दसपट वाढतो. म्हणून सुविधांचं वर्णन करण्याआधी असं का झालं ते पाहायला हवं.

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा स्वतःहून गुन्हा नव्हता. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला पकडायचं तर १८२४ चा भटकेपणाविरुद्धचा कायदा होता. सार्वजनिक जागी दंगा किंवा असभ्य वर्तन केल्यास महिन्यापर्यंत सक्तमजुरी. १८३९ च्या महानगर पोलीस कायद्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास होईल अशा रीतीनं गिऱ्हाईक शोधणाऱ्या बाईला ४० शिलिंगांपर्यंत दंडाची तरतूद केली. ही दोन्ही प्रकरणं दंडाधिकाऱ्यासमोर काही मिनिटांत निकालात निघत. ज्यूरी नाही, ओल्ड बेलीचा संबंध नाही. त्यामुळे रोज पकडल्या जाणाऱ्या बायकांची गर्दी या संग्रहात दिसतच नाही.

कुंटणखाना चालवणं मात्र गुन्हा होता, पण खटला उभा करणं कटकटीचं होतं. १७५१ च्या कायद्याची पद्धत अशी: पॅरिशचा (चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागाचा) कर भरणाऱ्या दोन रहिवाशांनी त्या घराविरुद्ध शिपायाला लेखी सूचना द्यायची, त्याच्याबरोबर दंडाधिकाऱ्याकडे जाऊन सूचना खरी असल्याची शपथ घ्यायची, आणि पुरावा हजर करण्यासाठी प्रत्येकी २० पौंडांचा मुचलका लिहून द्यायचा. खटल्याचा खर्च पॅरिशनं उचलायचा आणि गुन्हा शाबित झाला तर त्या दोघांना प्रत्येकी १० पौंड बक्षीसही पॅरिशनंच द्यायचं. खर्च आणि बक्षीस दोन्ही पॅरिशच्या गळ्यात, म्हणून पॅरिशचे अधिकारी हात आखडता घेत. शेजाऱ्यांनाही कुंटणखानेवाल्यांशी उघड वैर नको असे. खरा मालक पडद्याआड राही आणि दारात भाड्याची बाई उभी असे. त्यावर तोडगा म्हणून याच कायद्यात, घराची मालक किंवा मालकीण असल्यासारखं वागणाऱ्या माणसालाच चालक मानायचं, असं कलम होतं. एवढं करून जे खटले उभे राहत, तेही बहुतेक त्रैमासिक सत्र न्यायालयांत जात. ओल्ड बेलीत क्वचितच. पुढे १८८५ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनं कुंटणखान्याचे खटले थेट दंडाधिकाऱ्याकडे सोपवले. पहिल्या गुन्ह्याला २० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिने सक्तमजुरी, नंतरच्या गुन्ह्याला ४० पौंड किंवा चार महिने. म्हणजे कारवाई वाढली त्याच काळात हे खटले ओल्ड बेलीच्या वाटेवरून आणखी लांब गेले. 'कुंटणखाना चालवणे' हा रकाना ओस दिसतो त्याचं कारण हे आहे. संकेतस्थळानं काही गाळलेलं नाही.

पॅरिससारखी सरकारी नोंदवही लंडनमध्ये नव्हती हेही ध्यानात घ्यावं. तिथे पोलीस बायकांची नोंद ठेवत आणि कुंटणखान्यांना परवाने होते. मुंबईतही १८६८ च्या कायद्याखाली काही वर्षं नोंदणी आणि तपासणी चालली. इंग्लंडमधले १८६४, १८६६ आणि १८६९ चे सांसर्गिक रोगांचे कायदे (वेश्यांची वैद्यकीय तपासणी सक्तीची करणारे) लष्करी छावण्या आणि बंदरांपुरते होते. वुलिच आणि ग्रिनिच सोडले तर लंडन त्यांतून बाहेरच राहिलं. १८८६ मध्ये ते रद्द झाले. म्हणून लंडनच्या बायकांची माहिती हवी असेल तर दुसऱ्याच कारणानं घडलेल्या कागदांतून ती वेचावी लागते, आणि त्या कामाला ओल्ड बेलीचे चोरीचे खटले सर्वांत उपयोगी.

या खटल्यांचा साचा ठरलेला आहे. दोन-चार वाचले की पुढचे पटापट कळू लागतात. फिर्यादी पुरुष, आरोपी एक किंवा दोन बायका. तो शपथेवर सांगतो की रात्री अमुक रस्त्यावर ही बाई भेटली, तिच्याबरोबर तिच्या खोलीवर किंवा एका घरात गेलो. दारातच किंवा वर गेल्यावर एक मोलकरीण येऊन खोलीचे पैसे घेऊन जाते. बाईला द्यायचे पैसे वेगळे. मग झोप लागते. जाग येते तेव्हा बाई नाही, आणि घड्याळ, पाकीट किंवा विजारीच्या खिशातली सोन्याची नाणी गेलेली. तो पोलिसाला बोलावतो. पोलीस घराची झडती घेतो. पुढचा साक्षीदार गहाणाच्या दुकानातला नोकर, जो घड्याळ कुणी, किती वाजता आणि किती रकमेला ठेवलं ते सांगतो. गहाणाची पावती कुणाच्या अंगावर सापडली यावर खटल्याचं पारडं झुकतं. शेवटी आरोपीचं म्हणणं.

या क्रमातली प्रत्येक कडी धंद्याच्या रचनेबद्दल काही सांगते. खोलीचे पैसे आणि बाईचे पैसे वेगळे असणं म्हणजे ते घर तासाच्या भाड्यावर चालणारं, जिथे बायका राहत नाहीत, फक्त येतात. मोलकरीण नसेल आणि पैसे थेट बाईलाच दिले असतील तर ती तिची स्वतःची भाड्याची खोली, आठवड्याच्या भाड्यावर घेतलेली. घरमालकीण साक्षीला आली तर ती बहुधा म्हणते की मी फक्त भाडेकरू ठेवते, त्या काय करतात मला ठाऊक नाही. हे वाक्य १७५१ च्या कायद्यापासून वाचण्यासाठी आहे हे ओळखून वाचावं. वर कुणी पुरुष धावून आला असेल तर तो त्या घराचा दांडगट. दोन बायका मिळून आरोपी असतील तर घड्याळ एकीनं काढलं आणि दुसरीनं बाहेर नेलं, हा सरकारी पक्षाचा दावा असतो. घराचा नंबर, जिना, खोली पुढची की मागची, दाराला कडी होती की नाही, मेणबत्ती कुणी नेली, हे सगळं साक्षीत येतं. कारण चोरी शाबित करायला तेच लागतं. कुंटणखान्याच्या खटल्यात एवढा तपशील कुणी विचारलाच नसता.

आरोपी बाईचं म्हणणं तर आणखी मोलाचं. 'याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून यानं घड्याळ ठेवायला दिलं', हा बचाव इतक्या वेळा येतो की तो नुसता बहाणा मानून सोडून देता येत नाही. ठरलेले पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध बाईला कुठल्याही न्यायालयात दाद नव्हती. तिच्या हातात तारण ठेवून घेण्याखेरीज काही नव्हतं, आणि सकाळी तेच तारण चोरी ठरे. अशा पुष्कळ खटल्यांच्या मुळाशी मजुरीचा वाद आहे हे लक्षात घेतलं की कागद वेगळा दिसू लागतो. फिर्यादी किती प्यायला होता यावर ज्यूरीचं मत बरंच अवलंबून असे. 'घेतली होती, पण शुद्धीत होतो' या धाटणीची कबुली ओलांडून गुन्हा शाबित होणं सोपं नसे. कित्येकदा फिर्यादी न्यायालयात येतच नाही. नाव छापून यायची भीती असते. मग आरोपी सुटते आणि आपल्या हाती एक ओळ उरते.

मालाच्या किमतींकडे खास लक्ष द्या. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा जास्त किमतीची वस्तू चोरली तर १८२७ पर्यंत फाशीची शिक्षा होती. म्हणून ज्यूरी डोळ्यांदेखत सोन्याचं घड्याळ असतानाही त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवी. १८२७ मध्ये ही मर्यादा ५ पौंडांवर गेली तेव्हा ९९ शिलिंगांचे निकाल दिसू लागतात. १८३२ मध्ये या गुन्ह्याची फाशीच गेली. दुसऱ्याच्या अंगावरून गुपचूप एक शिलिंगापेक्षा जास्त किमतीची चोरी केल्याची फाशी त्याआधीच, १८०८ मध्ये, रद्द झाली होती. तेव्हा १८३२ आधीच्या निकालातली किंमत ही बाजारभाव म्हणून कुठल्याही तक्त्यात भरू नका. आरोपपत्रातली किंमत आणि निकालातली किंमत वेगवेगळ्या रकान्यांत लिहून ठेवा. दोन्हींतला फरक हीच ज्यूरीची दया, आणि ती मोजता येते. (एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. हा हिशेब हाताशी ठेवावा लागतोच.)

आता प्रत्यक्ष शोध. गुन्ह्याच्या गटात 'चोरी' घ्या. तिच्यातले खिसेकापूपणा, ठरावीक जागेतून चोरी आणि साधी चोरी हे प्रकार आपल्या कामाचे. आरोपी स्त्री, फिर्यादी पुरुष अशी चाळणी लावा आणि काळ दहा-दहा वर्षांच्या तुकड्यांत घ्या. एकदम शतक घेतलं तर निकालांचा ढीग पडतो. मग शब्दांची चाळणी. इथे आजचा इंग्रजी शब्द टाकून भागत नाही. 'प्रॉस्टिट्यूट' शोधलात तर थोडंच मिळेल. साक्षीदार 'अनफॉर्च्युनेट गर्ल', 'अनफॉर्च्युनेट वुमन', 'गर्ल ऑफ द टाउन', 'वुमन ऑफ द टाउन' असं म्हणतात. घराला 'बॉडी-हाउस' (bawdy-house), 'डिसऑर्डर्ली हाउस', 'हाउस ऑफ इल फेम', 'बॅड हाउस' म्हणतात. 'बॉडी-हाउस' जोडून, तोडून आणि मधे जोडरेघ देऊन अशा तिन्ही तऱ्हांनी शोधायला हवं, कारण छापखान्यानं तिन्ही तऱ्हा वापरल्या आहेत. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर प्रत्येक शब्दाचे स्वतंत्र निकाल येतात.

यापलीकडची युक्ती म्हणजे धंद्याचा शब्दच न शोधता व्यवहाराचा शब्द शोधणं. गहाणाच्या पावतीला त्या काळी 'डुप्लिकेट' म्हणत. 'डुप्लिकेट' आणि 'वॉच' हे दोन शब्द, स्त्री आरोपीच्या चाळणीसह, आपल्याला हवे ते खटले वर आणतात. साक्षीत कुणीही 'वेश्या' म्हटलेलं नसलं तरी. रस्त्यांची नावंही तशीच: हेमार्केट, ग्रेट विंडमिल स्ट्रीट, ड्रुरी लेन, पूर्वेला वेंटवर्थ स्ट्रीट, फ्लॉवर अँड डीन स्ट्रीट, रॅटक्लिफ हायवे. खलाशी फिर्यादी असलेले खटले हवे असतील तर रॅटक्लिफ हायवे आणि शॅडवेल यांच्यापासून सुरुवात करावी.

व्यवसायाच्या रकान्यावर मात्र विसंबू नका. आरोपींचा व्यवसाय दिलेला असेल तिथे तो संकेतस्थळानं टिपलेला आहे, पण स्त्रियांच्या बाबतीत छापील वृत्तान्तातच तो क्वचित येतो. त्या रकान्यात 'वेश्या' शोधून आलेला आकडा लेखात वापरणं ही घोडचूक होईल.

साक्षी वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि संकेतस्थळ ती पुरेशा ठळकपणे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात लघुलेखकाच्या टिपणांवरून छापताना बहुतेक प्रश्न गाळून टाकत आणि उत्तरं सलग जोडून साक्षीदाराच्या तोंडी एक अखंड निवेदन घालत. त्यामुळे एखादी बाई आपणहून 'मी तीन वर्षं रस्त्यावर आहे' अशा अर्थाचं काही सांगताना दिसली तर ते तिनं आपणहून सांगितलं असं धरू नये. बहुधा विरुद्ध पक्षाच्या वकिलानं तिची साक्ष खोटी पाडायला विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं. 'उलटतपासणी' हा शब्द परिच्छेदात कुठे येतो ते आधी शोधा. त्याच्या पुढचा मजकूर दबावाखाली दिलेला आहे असं समजून वाचा. १८३६ पर्यंत गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्यूरीसमोर भाषण करायची मुभा नव्हती, आणि १८९८ पर्यंत आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नव्हती. 'कैद्याचा बचाव' या शीर्षकाखाली जे चार शब्द येतात ते विनाशपथ म्हणणं. त्याला पुराव्याचं वजन नसे. ते वाचणाऱ्या आजच्या माणसाला मात्र तेवढाच तिचा आवाज मिळतो.

बलात्कार आणि तत्सम खटल्यांत परिस्थिती वाईट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असा मजकूर 'छापण्यास अयोग्य' म्हणून गाळला जाऊ लागला. त्यामुळे ज्या गटात स्त्रियांवरच्या अत्याचाराची माहिती असायला हवी तिथेच सर्वांत जास्त गप्पपणा आहे. पुन्हा तेच: चोरी, मारामारी, खोटी साक्ष, खून या गटांत वाचावं लागतं.

खोट्या साक्षीचं उत्तम उदाहरण १८८७ चं. एलिझाबेथ कॅस या शिवणकाम करणाऱ्या तरुणीला रीजंट स्ट्रीटवर एंडाकॉट नावाच्या पोलिसानं गिऱ्हाईक शोधते म्हणून पकडलं. दंडाधिकारी न्यूटन यांनी तिला ताकीद देऊन सोडलं. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं आणि शेवटी त्या पोलिसावरच खोट्या शपथेचा खटला ओल्ड बेलीत उभा राहिला. तो सुटला. पण पोलिसाच्या एकट्याच्या शब्दावर बाईला पकडायची पद्धत किती सैल होती ते या प्रकरणानं उघडं पाडलं, आणि पोलीस आयुक्त वॉरन यांना अशा अटकांवर बंधनं घालावी लागली. 'लैंगिक गुन्हे' या गटात हुडकत बसलात तर ते हाती लागणार नाही.

१८८५ चा एलायझा आर्मस्ट्राँगचा खटला यापेक्षा प्रसिद्ध. संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी मुलींच्या विक्रीचा बाजार उघड करण्यासाठी १३ वर्षांची मुलगी ५ पौंडांच्या सौद्यात मिळवून दाखवली, आणि बापाची संमती न घेतल्याच्या कारणावरून स्वतःच अपहरणाच्या आरोपाखाली उभे राहिले. त्यांना तीन महिने, मध्यस्थी करणाऱ्या रिबेका जॅरेटला सहा महिने. याच गदारोळात संमतीचं वय १३ वरून १६ झालं. हा खटला वाचताना स्टेडपेक्षा मुलीच्या आईकडे आणि शेजारणींकडे लक्ष द्यावं. घरकामाला मुलगी पाठवायची म्हणजे कुणाच्या ओळखीवर, आणि कपड्यांचे पैसे कोण देतं, या व्यवहारातूनच दलाल शिरत.

तिसरा खटला १८९२ चा, टॉमस नील क्रीम या डॉक्टरचा. लॅम्बेथ भागातल्या बायकांना त्यानं स्ट्रिक्निन हे विष देऊन मारलं. आरोप मटिल्डा क्लोव्हरच्या खुनाचा, पण साक्षीत स्टॅमफर्ड स्ट्रीटच्या खोलीत मेलेल्या अॅलिस मार्श आणि एमा श्रिव्हेल यांचीही हकीकत येते. घरमालकिणी, मोलकरणी, रस्त्यावरचा पोलीस, सगळे बोलतात. शतकाच्या अखेरीला स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहून धंदा करणाऱ्या बाईचं घर कसं चाले, हे समजायला याइतकं सलग वर्णन दुसरीकडे मिळणं कठीण.

हाच खटला १८३४ च्या आधी घडला असता तर तो या संग्रहात आलाच नसता. कारण तोवर ओल्ड बेलीची हद्द सिटी ऑफ लंडन (शहराचा जुना गाभा) आणि मिडलसेक्स परगण्यापुरती होती. थेम्सच्या दक्षिणेचा भाग, म्हणजे सदर्क, लॅम्बेथ, वॉटर्लू रस्त्याचा परिसर, सरे परगण्यात मोडे आणि तिथले खटले तिकडे चालत. १८३४ च्या कायद्यानं मध्यवर्ती फौजदारी न्यायालय स्थापन झालं, सरे, केंट आणि एसेक्सचे लंडनला लागून असलेले भाग त्यात आले, बैठकाही वाढल्या. संकेतस्थळावरचं आकडेवारीचं साधन वापरताना हे ठाऊक नसेल तर हमखास फसायला होतं. आलेखात १८३४ नंतर आकडे चढले म्हणून गुन्हे वाढले असं लिहाल, आणि वाढली असेल ती हद्द. उलट १८५५ नंतर चोरीचे आकडे कोसळतात. त्या वर्षीच्या कायद्यानं ५ शिलिंगांखालच्या चोऱ्या आरोपीच्या संमतीनं दंडाधिकाऱ्याकडे चालवायची सोय झाली, आणि त्यावरच्या चोऱ्यांतही गुन्हा कबूल केला तर तिथेच निकाल लागू लागला. बायका प्रामाणिक झाल्या नव्हत्या, खटले दुसऱ्या दारानं जाऊ लागले होते. आकडेवारीचं साधन वेगवान आणि सोपं आहे. पण या विषयासाठी १८३४ ते १८५५ हा एकच सलग तुकडा तुलनेला विश्वासार्ह म्हणता येईल. दोन्ही बाजूंना रेषा ओढण्याचा मोह टाळावा.

मजकुराचा दर्जा उत्तम आहे. १८३४ पर्यंतचा भाग दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून टंकित करून दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आहेत. पुढचा भाग एकदा हातानं टंकित आणि एकदा यंत्रवाचनानं, मग फरकांची दुरुस्ती. चुका फार कमी. राहिलेल्या चुका मुख्यतः आडनावांत आणि आकड्यांत. म्हणून रक्कम किंवा घराचा नंबर उद्धृत करण्याआधी मूळ पानाची प्रतिमा उघडून खात्री करावी. या प्रतिमा मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या असल्यामुळे काही पानं काळवंडलेली आणि अस्पष्ट आहेत. मूळ ग्रंथावरून नव्यानं छायाचित्रं घेतली तर मोठी सोय होईल. प्रत्येक खटल्याला 'टी' अक्षर, मग बैठकीच्या पहिल्या दिवसाची तारीख आणि मग अनुक्रमांक असा कायमचा क्रमांक आहे. टिपण काढताना पत्त्याऐवजी हा क्रमांक लिहा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो टिकतो.

हे संकेतस्थळ कशाची उत्तरं देत नाही? किती बायका, किती घरं, हे इथून कळणार नाही. दंडाधिकारी कॉलहून यांनी १७९० च्या दशकात सांगितलेला ५०,००० चा अंदाज सर्वत्र फिरतो, पण त्यात लग्नाशिवाय पुरुषाबरोबर राहणाऱ्या बायकाही होत्या. महानगर पोलिसांनी १८५७ साठी दिलेला आकडा ८,६०० बायका आणि २,८२५ घरांचा. तो फक्त पोलिसांना ठाऊक असलेल्यांचा. खटल्यांची बेरीज करून यांतला एकही आकडा खरा-खोटा करता येत नाही. श्रीमंत गिऱ्हाइकांची घरं तर इथे जवळपास अदृश्य. तिथलं गिऱ्हाईक घड्याळ गेलं तरी न्यायालयात येत नसे. इथे दिसतो तो कारकून, खलाशी, शेतकरी, बाजाराला आलेला व्यापारी.

म्हणून हे एकटं वापरू नये. सामाजिक पाहणी करणारे चार्ल्स बूथ यांचे दारिद्र्याचे नकाशे आणि १८९० च्या दशकात पोलिसांबरोबर फिरून लिहिलेल्या वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संकेतस्थळावर आहेत. खटल्यातला रस्ता तिथे शोधला की कोणत्या घरात कुंटणखाना होता याची नोंद कधी कधी थेट मिळते. कुंटणखान्यांचे सत्र न्यायालयातले कागद लंडनच्या नगर अभिलेखागारात आहेत, त्यांसाठी मात्र प्रत्यक्ष जावं किंवा प्रती मागवाव्या लागतात. शिक्षा होऊन पुढे काय झालं हे 'डिजिटल पॅनॉप्टिकॉन' सांगतं. ओल्ड बेलीतले आरोपी तुरुंग आणि हद्दपारीच्या नोंदींशी तिथे जोडले आहेत.

हद्दपारीची शिक्षा झालेली बाई निवडा आणि तिला व्हॅन डिमेन्स लँडच्या, म्हणजे आजच्या टास्मानियाच्या, कैदी नोंदवह्यांत शोधा. तिथला कारकून जहाजातून उतरलेल्या प्रत्येकीला विचारून उंची, जन्मगाव, येणारं काम, आणि कित्येकदा ती किती वर्षं 'ऑन द टाउन', म्हणजे धंद्यात, होती तेही लिहून ठेवी. लंडनच्या खटल्यात जिचा व्यवसायाचा रकाना कोरा आहे, तिचा कोरा रकाना तिथे भरलेला सापडू शकतो. १८५३ पर्यंत तिकडे गेलेल्या बायकांसाठी हा मार्ग खुला आहे. ज्यांना एका प्रकरणावर निबंध लिहायचा आहे त्यांनी कुंटणखान्याचा खटला निवडण्याऐवजी १८३४ नंतरचा घड्याळाच्या चोरीचा, हद्दपारीत संपलेला एखादा खटला निवडावा. पहिल्या आठवड्यात खटला, रस्ता आणि नकाशा, दुसऱ्यात नोंदवही. तेवढ्यात एक पूर्ण आयुष्य डोळ्यांसमोर उभं करण्याइतकं साहित्य जमा होतं.